आत्याबाईनं म्हैस बंद केली

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण आमच्या कारखान्यात कुणी मोठ्यानं म्हणत नसे. एक तर आमच्या आत्याबाईच्या वरच्या ओठावर चार-पाच राठ केस खरोखरच होते. आणि दुसरं, तिच्या हातात बहुतेक वेळ पाना असे.

ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ती लोखंडाचा कीस झाडायला आली. तेव्हाच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी "ए आत्या, इकडून झाड" अशी हाक मारली, आणि ती हाक गोचिडासारखी चिकटली. पुढं ती लेथवर, म्हणजे लोखंड तासायच्या यंत्रावर, उभी राहिली तेव्हा हाकेला 'बाई' लागलं. मान मिळायचा तो एवढाच मिळाला, बाकीचा तिनं हिसकावून घेतला.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड. आत अकरा यंत्रं, पंपांचे सुटे भाग करणारी. उन्हाळ्यात पत्रा तापतो, हिवाळ्यात लोखंड चावतं, आणि बारा महिने बुटाच्या तळाला कीस रुतलेला असतो. मी लोखंडाला भोकं पाडायच्या यंत्रावर, आत्याबाईच्या शेजारी. म्हणून तिनं मला भोक्या केलं. आता माझी बायकोसुद्धा फोनवर "भोक्या, येताना साबण आण" म्हणते.

लेथ ती झाडता झाडता शिकली. एकाच जागी पाऊण तास झाडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. लेथवाल्याच्या पायाशी झाडू हलायचा आणि डोळे वर, त्याच्या हातावर. एकदा लेथवाला तापानं पडला आणि एक दांडा तातडीनं हवा होता. हिनं झाडू भिंतीला टेकवला आणि दांडा उतरवून दिला. मिस्त्रीनं तीनदा मोजला. चूक सापडेना, तेव्हा तो झाडू वाटेत ठेवल्याबद्दल तिच्यावर ओरडला.

आता म्हशीची गोष्ट.

म्हैस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातलं कोरणीचं यंत्र. काळं, अवजड, मनात आलं की चालणारं आणि मनात आलं की बसणारं. शेजारी लोखंडी कपाटात तिचा संगणक. संगणक सांगेल तशी ती मान हलवते आणि लोखंड कोरते. त्या संगणकात लिनक्स होतं. ते फुकट मिळतं असं कळल्यापासून आमच्या लोकांचा त्यावर भरवसा उडाला होता. फुकटचं औषध आणि फुकटचा सल्ला, दोन्ही कुणाला लागू पडत नाहीत, असं आमचा वायरमन म्हणायचा.

पाच वर्षांपूर्वी एका सुट्टीत म्हैस बंद करून ठेवली, तर ती उठेचना. पडदा काळा, त्यावर दोन ओळी, आणि एक पिपाणी वाजायची. आठ दिवस आठ माणसं येऊन डोकं खाजवून गेली. नवव्या दिवशी जाड चष्म्याचा एक म्हातारा मेकॅनिक आला. त्याला टॉर्च धरायला कुणीतरी हवं होतं. मिस्त्री म्हणाला, "आत्याबाई, तू धर. नाहीतरी मध्ये मध्ये उभीच असतेस." धरला तिनं. म्हाताऱ्यानं झाकण काढलं, आत नाण्याएवढा एक सेल होता त्यावर नख वाजवलं आणि तिला म्हणाला, "बाई, हा मेलाय. यंत्र बंद झालं की संगणक तारीखही विसरतो आणि कुठल्या डिस्कवरून उठायचं तेही विसरतो. मी आज आठवण करून देतो. पण पुन्हा बंद कराल तेव्हा हा सेल बदला, नाहीतर पुन्हा हेच."

मिस्त्री तेव्हा बाहेर विडी ओढत होता. आत आल्यावर तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं? तू टॉर्च धरला होतास का संगणक?"

आणि सेल बदलण्याऐवजी त्यानं एक पाटी केली. लोखंडी, जाड, लाल अक्षरांची: बंद करू नये. चार स्क्रूंनी ती म्हशीच्या भिंतीवरच्या स्विचवर बसवली. मोठ्या मालकांनीही मान डोलावली. वीज गेली तर म्हणून मोठाल्या बॅटऱ्यांची रांग आली, त्या उतरल्या तर म्हणून जनरेटर आला. मिस्त्री घरी बसला, मोठे मालक वारले, पण म्हैस काही बंद झाली नाही. सुट्टीच्या दिवशीही कपाटातला पंखा घुं घुं करत राहायचा. नवीन कामगार आला की त्याला आधी संडास कुठं ते दाखवायचं आणि मग पाटी.

मिस्त्री गेल्यावर म्हशीवर उभं राहायला कुणी तयार होईना. मी तर सरळ म्हणालो, माझं पोट नाजूक आहे. आत्याबाई उभी राहिली. एका बोटानं टाइप करत, वहीत लिहून घेत, ती लिनक्स शिकली. जेवायच्या सुट्टीत मला समजावून सांगायची.

"हे बघ भोक्या, आत एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. पडद्यावरच्या कामांना खालच्या लोखंडाशी बोलायचं असेल तर त्याच्यामार्फत. आणि दर लोखंडाची बोली निराळी, म्हणून कारभाऱ्याच्या हाताखाली दुभाषे असतात. त्यांना ड्रायव्हर म्हणायचं."

"ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा ना?"

"तू भोकं पाड."

आणि पुढं म्हणाली, "माझ्या घरच्या कारभाऱ्यानं तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही. हा ऐकत नाही तेव्हा का ऐकत नाही ते लिहून तरी दाखवतो."

या वर्षी एका मंगळवारी विजेचा झटका आला आणि संगणक व म्हशीच्या मोटारींच्या मध्ये जी पेटी असते ती जळाली. पेटी म्हणजे संगणकाचा हुकूम मोटारींपर्यंत नेणारी. संगणक शाबूत, मोटारी शाबूत, मधली वाट गेली. तशी पेटी आता कुणी बनवत नाही. आठवड्यानं, बुधवारी, नवी पेटी आली, ती वायरनं बाहेरूनच जोडायची होती, आणि तिच्यासोबत कंपनीचा एक इंजिनियर आला. गळ्यात टाय. यंत्राजवळ टाय घालून उभं राहणारा माणूस एक तर फार शहाणा असतो किंवा त्याला अजून कुठल्या यंत्रानं ओढलेलं नसतं. आत्याबाईनं तो टाय पहिल्यांदा त्याच्या खिशात कोंबला आणि मगच त्याला पुढं येऊ दिलं.

"काकू, तुम्ही जरा बाजूला होता का?" तो म्हणाला.

"आत्या," ती म्हणाली. "आणि बाजूलाच आहे. बघतेय."

त्याचं काम असं होतं. नव्या पेटीचा ड्रायव्हर तयार मिळत नव्हता, तो जागेवरच बांधून घ्यायचा होता. त्यासाठी हेडरचं पॅकेज लागतं. आत्याबाईनं विचारलं, ते काय? त्याला सांगायचं नव्हतं, पण ती हलेना, तेव्हा म्हणाला, "समजा कर्नेलच्या मापांची वही. शिंप्याकडे असते तशी. त्या मापांनी ड्रायव्हर शिवायचा, तर तो कर्नेलच्या अंगाला बसतो."

"मग मापं नीट घ्या," ती म्हणाली, आणि फोन काढून त्याच्या प्रत्येक ओळीचा फोटो काढायला लागली.

त्यानं पॅकेज मागवलं. ते बसलं. ड्रायव्हर बांधायला घेतला, तर संगणक म्हणाला, मला मापांची वही सापडत नाही. इंजिनियर म्हणाला, "आत्ता तर बसवली!" आणि त्यानं हातानं वाट लिहून दिली, ही बघ वही, इथं आहे. मग ड्रायव्हर बांधून झाला. पण कर्नेलला जोडायला गेला, तर कर्नेलनं तो झिडकारला. पुन्हा बांधला, पुन्हा झिडकारला. बुधवार गेला, गुरुवार उजाडला. पेटीवरचा लाल दिवा लालच.

गुरुवारी दुपारी त्यानं छोट्या मालकांना, म्हणजे वारलेल्या मालकांच्या मुलाला, लिहून दिलं की संगणक फार जुना झाला आहे, नवी पेटी स्वीकारत नाही, सबब पूर्ण यंत्र बदलावं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आत्याबाई म्हणाली. हळू म्हणाली, पण तिचं हळू म्हणजे चार यंत्रांपलीकडे ऐकू जातं.

छोट्या मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं आणि माझं यंत्र नेमकं तेव्हाच बंद होतं.

"आत्याबाई, शनिवारी भंगारची गाडी येतेय. नव्या यंत्रावर कोर्स केलेली मुलं येतील. तुम्ही स्टोअरमध्ये बसा. खुर्ची देतो. आता वय झालं, आराम करा."

"स्टोअरमध्ये काम काय?"

"असं काही नाही. वस्तू द्यायच्या, घ्यायच्या. जरा झाडून-पुसून ठेवायचं."

ती वळली. बाहेर आली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "बावीस वर्षं लागली भोक्या झाडूपासून इथवर यायला. चाळीस पावलं आहेत. मी मोजलीत. आता हा म्हणतो परत जा."

"मग काय करणार?"

"शनिवार परवा आहे," ती म्हणाली. "अजून उद्या आहे."

त्या संध्याकाळी तिच्या घरी काय झालं ते तिच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. दोन खोल्यांचं घर. सून कुरिअरच्या ऑफिसात पार्सलांवरचे पत्ते वाचून वाटणीला लावते. सासू-सुनेचं पटतं असं म्हणवणार नाही, पण दोघींना एकमेकींशी भांडल्याशिवाय जेवण जात नाही. सून कांदा चिरत होती. आत्याबाईनं फोन तिच्या नाकासमोर धरला.

"हे इंग्रजी वाच."

"आई, डोळ्यांत पाणी आलंय, कांदा आहे."

"मग कांदा ठेव. कांदा कुठं पळत नाही, माझी म्हैस पळतेय."

सुनेनं हात पुसले आणि फोटो एकेक करून सरकवले. "इथं लिहिलंय, या ड्रायव्हरची घडण चुकीची आहे. बसत नाही."

"ते लाल दिव्यावरून आंधळ्यालाही कळतं. का बसत नाही?"

सून पुढं-मागं सरकवत राहिली. मग थांबली. "आई, हे दोन पत्ते वेगळे आहेत."

"कसले पत्ते?"

"हे बघा. इथं त्यानं पॅकेज बसवलं, त्याचं नाव. चार, एकोणीस, शून्य, सत्तावीस. आणि इथं संगणक म्हणतो वही सापडत नाही, ती कुणाची? चार, एकोणीस, शून्य, सहा. गल्ली तीच, आळी तीच, घर नंबर वेगळा. आमच्याकडं नवीन पोरं हेच करतात. पुढचा पत्ता जुळला की शेवट बघतच नाहीत. सहा नंबरच्या माणसाला सत्तावीसचं पार्सल नेऊन दिलं तर तो परतच करणार ना?"

आत्याबाईनं म्हणे उठून खिडकीतल्या डब्यातून एक बोल्ट आणि एक नट काढला. दोन्ही एकाच जाडीचे, पण आटे वेगळे. एक फेरा गेला आणि अडकला. "जाडी तीच, आटे निराळे," ती म्हणाली. "मुडद्या, दोन दिवस मी तिथं उभी होते." मुडद्या कुणाला, ते सुनेला कळलं नाही. बहुधा स्वतःलाच. मग सुनेला म्हणाली, "तू उगाच पार्सलं वाटतेस." आमच्या आत्याबाईकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. मी पोचलो तेव्हा संगणकासमोर उभी होती आणि एका बोटानं, ओठ हलवत, अक्षरं दाबत होती: यू, एन, ए, एम, ई, मोकळी जागा, आडवी रेघ, आर. म्हणजे संगणकाला विचारायचं, बाबा, आत्ता गादीवर कोण बसलंय? उत्तर आलं, सहा. मग तिनं संगणकाच्या घरात आणून ठेवलेल्या कर्नेलांची यादी मागवली. तिच्यात सहा होता आणि सत्तावीसही होता.

"भोक्या, इकडं ये. काखेत कळसा अन् गावाला वळसा. हा सत्तावीस आणला कुणी?"

आणि बोलता बोलता तिचं तिलाच आठवलं. चार वर्षांपूर्वी नकाशे मेलवर यायला लागले म्हणून म्हशीच्या संगणकाला इंटरनेटची वायर लावली. तेव्हापासून तो आपला आपण नवीन पॅकेजं आणून ठेवत होता. सातवा आला, आठवा आला, करत करत सत्तावीसावा. पण नवा कर्नेल गादीवर बसायला संगणक एकदा बंद होऊन उठावा लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात रोज निरोप यायचा: पुन्हा सुरू करा. आणि पाटी म्हणायची: बंद करू नये.

"मीच," आत्याबाई म्हणाली. "मीच रोज सकाळी झुरळ मारावं तसा तो निरोप मारत होते. चार वर्षं. तो बिचारा दाराशी उभा आणि मी दार लावून घेतेय."

"मग त्या सहाच्या मापांची वही मागव की."

"मागवली पहाटेच सुनेच्या फोनवरून. मिळत नाही. जिथून पॅकेजं येतात त्या दुकानातून सहाचं सगळं उठलंय. एकच वाट आहे. बंद करून उठवायची."

ती ऑफिसात गेली. दार पुन्हा उघडं होतं आणि माझं यंत्र पुन्हा बंद होतं.

"छोटे मालक, कपडे लेकाच्या मापाचे शिवलेत आणि घालताय बापाला. बाप गादीवरून उठला आणि लेक बसला की काम होईल. मला म्हैस एकदा बंद करू द्या."

छोटे मालक दचकले. "बंद? नाही, नाही. पाटी वाचलीत ना? वडिलांच्या वेळेपासून आहे."

"सेल बदलला की उठेल. मी तेव्हा टॉर्च धरून होते. मिस्त्रीला सांगितलं होतं."

"इंजिनियरनी लेखी दिलंय, आत्याबाई."

"त्यानं लेखी दिलं, पण शेवटचा आकडा वाचला नाही."

"उद्या गाडी येतेय. विषय संपला."

"बरं," आत्याबाई म्हणाली.

तिचं 'बरं' मला माहीत आहे. लेथवाला तापानं पडला तेव्हाही ती आधी 'बरं'च म्हणाली होती.

शनिवारी साडेनऊला भंगारवाला आला, सोबत त्याचा मेव्हणा, साखळ्या आणि पहारी. इंजिनियरही आला होता. नवीन यंत्र कुठं बसेल ते तो खडूनं जमिनीवर आखत होता. म्हैस अजून उभी आणि तिच्या पायाभोवती दुसऱ्याच्या खुणा. सगळे कामगार काम टाकून गोळा झालो. मयताला जमतात तसे, हात पुढं बांधून.

भंगारवाल्यानं म्हशीभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "लाइट कोण बंद करणार? चालू यंत्राला आम्ही हात लावत नाही."

छोटे मालक वायरमनकडं बघायला लागले. वायरमननं पाटीकडं पाहिलं. "मालक, माझ्या पोरीचं लग्न ठरतंय. मला यात घालू नका."

"अरे, भंगारातच जायचीय ती! बंद करायला काय झालं?"

"मग तुम्हीच करा की."

छोटे मालक पुढं झाले. हात स्विचपर्यंत गेला. तिथून परत आला आणि खिशात गेला. रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. इंजिनियर खाली वाकूनच म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या कुणीही बंद करू शकतं."

"मग या ना उंटावरून खाली," मागून आवाज आला.

गर्दी आपोआप फाटली. आत्याबाई आली ती हात पुसत. पदर खोचलेला, कानावर पेन्सिल.

"लाज वाटत नाही?" ती म्हणाली. "कापायला निघालात आणि झोपवायला घाबरता? पंधरा बाप्ये, एक पाटी. पाटी काय चावते? मी बंद करते. पण आधीच सांगते, बंद मी करणार तर उठवणार पण मीच. अर्धा तास. नाही उठली तर साखळी मी बांधून देते, आणि स्टोअरमध्ये जाऊन तुमचा झाडू मुकाट्यानं हातात घेते. बोला."

छोट्या मालकांनी इंजिनियरकडं पाहिलं. भंगारवालाच बोलला. "ताई, आम्ही बसतो. गाडी काय उभीच आहे." आणि तो मेव्हण्यासकट पहारीवर टेकला.

तिनं आधी संगणकाला रीतसर झोपवलं. कपाटातला पंखा मंदावला, थांबला. मग पाटीखाली हात घालून तिनं स्विच खाली ओढला.

ती शांतता मी विसरणार नाही. पाच वर्षं कानात असलेली घुं घुं गेली तेव्हा कळलं की ती होती. पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांची नखं वाजलेली ऐकू आली. 

तिनं कपाट उघडलं, झाकणाचे स्क्रू काढले. आत धुळीची गोधडी. मग मान न वळवता म्हणाली, "छोटे मालक, टॉर्च धरा."

"मी?"

"नाहीतरी मध्ये मध्ये उभेच आहात."

छोट्या मालकांनी टॉर्च धरला. आत्याबाईनं कमरेची पुरचुंडी सोडली, येताना घड्याळवाल्याकडून आणलेला नाण्याएवढा सेल काढला, जुना उचकटला, नवा बसवला. झाकण लावलं. स्विच वर केला.

पिपाणी वाजली. पडदा काळा. त्यावर दोन ओळी.

"झालं," वायरमन म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला. भंगारवाल्याचा मेव्हणा साखळी उचलायला लागला.

"ठेव ती खाली," आत्याबाई म्हणाली. "संगणकाला तारीख आठवत नाही, एवढंच आहे. आज तारीख काय?"

इंजिनियर फोन शोधत राहिला. शेवटी भंगारवाल्यानंच सांगितली. तिनं तारीख घातली, वेळ घातली, आणि म्हाताऱ्या मेकॅनिकनं पाच वर्षांपूर्वी केलं होतं तसं दुसऱ्या नंबरची डिस्क वर आणली. बोट एकदा भलत्याच अक्षरावर पडलं. ते मी पाहिलं. तिनंही पाहिलं, आणि त्या बोटाला दुसऱ्या हातानं चापट मारली.

पडद्यावर एक यादी आली. वर सत्तावीस, खाली सहा.

"बघा," ती छोट्या मालकांना म्हणाली, "जुना कुठं मेलेला नाही. नवा नीट चालला नाही तर पुन्हा बंद करून जुन्याला उठवायचं. एवढ्यासाठी पाच वर्षं तुम्ही जीव मुठीत धरून बसलात."

आणि तिनं सत्तावीसवर बोट दाबलं.

पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, इतक्या जोरात की वाचता येईनात. मग थांबल्या. तिनं विचारलं: यू, एन, ए, एम, ई. उत्तर आलं. शेवटचा आकडा तिनं पडद्यावर बोट टेकवून वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सत्तावीस."

इंजिनियर खडू टाकून उभा राहिला होता. त्यानंच बुधवारी बांधलेला ड्रायव्हर तिथं पडून होता, पुन्हा शिवायची गरजच नव्हती. तिनं तो जोडायचा हुकूम टाइप केला आणि बटण दाबलं. संगणक काहीच बोलला नाही. खाली नुसती रिकामी ओळ आली.

"काय झालं? काही म्हणाला नाही," छोटे मालक म्हणाले. टॉर्च अजून हातात पेटलेलाच होता.

"तो पटलं की बोलत नाही. पटलं नाही तरच बोलतो. माणसांचं उलटं असतं."

तेवढ्यात पेटीवरचा लाल दिवा विझला. आणि हिरवा लागला. म्हशीच्या पोटात कुठंतरी खटका पडला आणि तिनं संथपणे, रवंथ करताना करावी तशी, मान डावीकडून उजवीकडं फिरवली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

"म्हणजे माझा ड्रायव्हर बरोबर होता," इंजिनियर हळूच म्हणाला.

"बरोबर होता," आत्याबाई म्हणाली. "शिवण चांगली आहे तुमची. फक्त ज्याचं माप घेतलंत तो झोपलेला होता, आणि जो जागा होता त्याच्या गळ्यात घालत होतात. पुढच्या वेळी आधी विचारायचं, जागं कोण आहे? आणि ती खडूची रांगोळी पुसून जा, पाय घसरेल कुणाचा."

छोट्या मालकांनी टॉर्च विझवला. मग म्हणाले, "आत्याबाई, त्या स्टोअरच्या खुर्चीचं मग..."

"इथं आणून ठेवा. गुडघे दुखतात माझे."

भंगारवाला उठला, मागची धूळ झटकली. "आमचं काय, ताई? रिकामी गाडी न्यायची का?"

आत्याबाईनं कानावरची पेन्सिल नीट केली, कमरेला खोचलेला पेचकस काढला आणि पाटीचे स्क्रू सोडायला लागली. चौथा गंजलेला होता, निघेना. तिनं पेचकसाचा दांडा हातोडीनं ठोकून फिरवला. पाटी निघाली, तिच्यामागं भिंतीवर स्वच्छ चौकोन राहिला. तिनं ती मेव्हण्याच्या हातात ठेवली.

"एवढीच?" तो म्हणाला.

"चांगलं लोखंड आहे. मिस्त्रीनं पातळ काम कधी केलं नाही. आणि चहा झालाय, पिऊन जा."

ते चहा पिऊन गेले. आम्ही आपापल्या यंत्रावर गेलो. आत्याबाईनं म्हशीवर पहिला तुकडा चढवला, कोरून काढला, मोजला, आणि शेडभर ऐकू जाईल अशी शिवी घातली. माप केसभर जास्त आलं होतं. नव्या पेटीला म्हशीची चाल अजून कळायची होती. संध्याकाळपर्यंत तिनं ते आणलं जागेवर.

आता दर सोमवारी सकाळी ती म्हैस बंद करते, पंधरा मोजते आणि उठवते. कुणाला सांगून नाही, विचारून तर नाहीच. वायरमनला त्या वेळी नेमकी तहान लागते आणि तो बाहेर जातो.